डाव्या हाताचे पेले

इतवारीत भांड्यांच्या दुकानांच्या पाठीमागे तांबटांची एक गल्ली होती. उजाडलं की ठोकाठोकी सुरू, ती दिवेलागणीपर्यंत. या गल्लीत चाळिशी ओलांडलेला आणि कान शाबूत असलेला पुरुष औषधालाही सापडला नसता. सगळेच कमी ऐकणारे, म्हणून सगळेच ओरडून बोलणारे. इथे कुणी शेजाऱ्याच्या कानाशी लागून 'कोणाले सांगजो नोको' असं म्हटलं, की ती गोष्ट पार मस्कासाथेपर्यंत पोचायची. मुलगी पाहायला आलेले पाहुणे बैठकीतला आरडाओरडा ऐकून चहा न पिताच निघून जात. मग त्यांना चौकातून समजूत घालून परत आणावं लागे, 'भांडण नाही जी, तुमची खुशाली विचारून राहिले होते.'

या बहिऱ्यांच्या राज्यात रामाजी म्हणजे गादीवर बसवावा असा माणूस. बाकीच्यांना निदान ओरडलेलं ऐकू येई. रामाजींना पन्नाशीनंतर तेही येईनासं झालं. पण कबूल करतील तर शपथ. कुणी काहीही म्हणो, त्यांचं उत्तर ठरलेलं, 'हो, समजलं.' बायको म्हणे, 'मीठ सरलं.' रामाजी म्हणत, 'हो, समजलं,' आणि पांघरूण घेऊन झोपत. त्या रात्रीचं वरण अळणी होई, आणि तेही ते 'हो, समजलं' अशा चेहऱ्याने खात.

त्यांची बायको प्रयागबाई कुहीची. तिचा बाप खेडोपाडी फिरून फुटके गंज, म्हणजे पातेली, आणि घागरी जोडून द्यायचा. लग्न होऊन ती या गल्लीत आली तेव्हा तिच्या वाट्याला दोन कामं आली. एक, भट्टीचा भाता मारणं. दुसरं, पेल्यांना पाणी लावणं. घरातली एकुलती मुलगी सावनेरला दिल्यानंतरही ही दोन कामं काही सुटली नाहीत.

रामाजी तांब्याचे पाणी प्यायचे पेले करीत. पत्र्याची गोल चकती कापायची, ती ओंडक्यातल्या खळग्यात लाकडी मोगरीने बडवून वाटीसारखी करायची, मग लोखंडी खुंट्यावर उलटी घालून हातोडीने कडेकडेने ठोकत उभी करत न्यायची. शेवटी बारीक हातोडीने ओळीओळीने ठोके द्यायचे. याला मठारणं म्हणतात. त्याने पेल्याला ताकद येते आणि अंगावर दाण्यांची झळझळीत नक्षी उमटते. पण तांब्याची जात मानी. ठोकत गेलं की ते कडक होतं आणि त्याचा आवाज फिरतो. मऊ असताना ते 'थप थप' बोलतं, कडक झालं की 'टण्ण' करून ओरडतं. ओरडलं की हात थांबवायचा, लाल होईतो तापवायचं, पाण्यात बुडवायचं, की पुन्हा गरिबासारखं मऊ. न थांबता ठोकत राहिलं तर काठाखाली केसाएवढी चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तयार पेले पाण्याने भरून कोरड्या फरशीवर मांडायचे आणि सकाळी उचलून पाहायचे. खाली ओलं कडं उमटलं असलं की समजायचं, पेला गळका. हे पाहणं घरातल्या बाईचं काम.

'माणूस रागावला तर थंडा करावा लागते,' रामाजी म्हणत, 'तांबं रागावलं तर तापवावं लागते. अन् बायको रागावली तर ओट्यावर जाऊन बसावं लागते.'

बांगलादेशाची लढाई संपली त्या हिवाळ्यात प्रयागबाईने एका सकाळी पेला उचलला, तर खाली ओलं कडं. तिला वाटलं, आपल्याच हातून पाणी सांडलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक, मग आणखी. तिला कारण शोधावं लागलं नाही. भात्याजवळ बसून ती रोज ऐकतच होती. पत्रा ओरडत होता, आणि रामाजी ठोकत होते.

'ऐकता का, पत्रा ओरडून राहिला,' ती म्हणाली.

'हो, समजलं,' म्हणून रामाजींनी आणखी दोन ठोके जोरात घातले.

दुसऱ्या दिवशी पत्रा ओरडला तेव्हा तिने त्यांच्या गुडघ्याला बोट लावलं. रामाजी उसळले. 'काहून टोचून राहिली? बाप तुहा खेड्याखेड्यानं गंजाले डाग देत फिरे, अन् तू मले पेला शिकवते?' हे त्यांनी इतक्या जोरात विचारलं की समोरच्या घरातली हातोडी मध्येच थांबली.

त्या संध्याकाळी ती गळका पेला उचलून त्यांच्यासमोर ठेवायला निघाली होती. हे बघा, आणि आता कान कबूल करा. पण रामाजी ओट्यावर बसून आज केलेल्या पेल्याच्या काठावरून अंगठा फिरवत होते, नातवाच्या गालावरून फिरवावा तसा. प्रयागबाई दारात उभी राहिली. या माणसाला व्यवहार येत नव्हता. भजनात तो टाळ घेऊन बसला की बुवा अभंग बदलत. बाजारातून भाजी आणायला धाडला तर नेमकी किडकी वांगी निवडून आणी आणि वर ताजी आहेत म्हणून वाद घाली. आयुष्यात त्याला एकच गोष्ट येत होती, आणि ती गेली आहे हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

तिने गळका पेला कोळशाच्या पोत्यात खाली दडपला. याला हे कळता कामा नये, एवढंच तिने ठरवलं.

पण ठरवल्याने पेले तयार होत नाहीत. पत्रा मनोहररावांच्या भांड्यांच्या दुकानातून येई आणि पेले त्यांच्याच दुकानात जात. गळके काढून टाकले की दुकानात द्यायची भरती कमी पडू लागली. 'रामाजी आताशा आळशावले का जी?' मनोहररावांनी निरोप धाडला. कुणीतरी पेले करायला हवे होते.

दुपारी जेवून रामाजी भट्टीशेजारीच आडवे होत आणि घोरत. प्रयागबाईने दार लोटलं, चकती घेतली आणि ठोकायला बसली. नवऱ्याच्या कानापासून हातभर अंतरावर ती तांबं बडवत होती आणि नवरा कुशीवरही वळत नव्हता.

पहिल्याच दिवशी एक अडचण लक्षात आली. रामाजी डावखुरे होते. मठाराच्या ओळी सगळ्या तांबटांच्या उजवीकडे झुकतात, रामाजींच्या डावीकडे झुकत. दुकानात पेल्यांचा ढीग असला तरी गिऱ्हाईक सांगे, 'हा रामाजीचा.' उजव्या हाताने केलेला पेला कितीही चांगला असला तरी ते एका नजरेत ओळखतील. म्हणजे पेला शिकायचा तो डाव्या हाताने. जन्मात डाव्या हाताने तिने माशीसुद्धा हाकलली नव्हती.

शेजारची अंजनाबाई विरजण मागायला आली आणि दारातच थबकली. रामाजी घोरत होते आणि त्यांच्या उशाशी प्रयागबाई घण घालत होती.

'काहून वं प्रयागे, हे काय करून राहिली?'

'पेला.'

'हा पेला होय? मले वाटलं भरताचं वांगं भाजून ठेवलं.'

'हळू बोल ना माय, उठतील ते.'

अंजनाबाईने रामाजींकडे पाहिलं, मग प्रयागबाईकडे. दोघींना एकदमच हसू फुटलं. अंजनाबाई पदर तोंडात कोंबून उंबऱ्यावर बसली, प्रयागबाईच्या हातातली हातोडी गळून दाणकन फरशीवर पडली, तरी रामाजी घोरतच. मग हसता हसता प्रयागबाईचा चेहरा एकाएकी उतरला. अंजनाबाईनेही हसणं आवरलं. विरजण न घेताच ती गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून गळके पेले आपल्या पदराखालून मोडीच्या दुकानात नेऊन देऊ लागली.

शिकणं सोपं नव्हतं. कान सगळं जाणत होता, हाताला काही ठाऊक नव्हतं. पत्रा ओरडायच्या आत ती थांबे, पण ठोका पडायचा तिथे पडत नसे. कधी बूड टेकडीसारखं वर येई, कधी काठ हसल्यासारखा एका बाजूला वाकडा होई. उजव्या हाताची बोटं चकती धरायची, डाव्याची ठोकायची. त्यामुळे मार खायचा मान उजव्याचा. नखं काळी पडली. 'जात्याखाली सापडलं,' ती सांगे. 'हो, समजलं,' रामाजी म्हणत. नागपूरचा उन्हाळा बाहेर, भट्टी आत, आणि मधे घामाने निथळणारी प्रयागबाई. पण हळूहळू डावा हात शहाणा होत गेला, इतका की तो घरातली बाकीची कामंही बळकावू लागला. पोळी तो लाटी, वरण तो वाढी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने पाटलांच्या सुनेला डाव्या हाताने कुंकू लावलं, तेव्हा सगळ्या बाया दचकल्या. 'उजवा लचकला हाय वं तिचा,' अंजनाबाईने घाईने सांगितलं, आणि गल्लीतल्या सगळ्या बाया हाताला लावायचं तेल घेऊन दोन दिवस येत राहिल्या.

एका सकाळी तिने आपला पेला उचलला आणि खालची फरशी कोरडी होती. तिने हाताने चाचपून पाहिली, मग गाल टेकवून पाहिली. कोरडी ठणठणीत. मठाराच्या ओळी डावीकडे झुकलेल्या, काठ सरळ. हे कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं. ज्याला सांगण्यात खरा आनंद होता तो ओट्यावर दात घासत होता. तिने पेला त्याच्या ढिगात ठेवून दिला.

त्यानंतर भरती कधी कमी पडली नाही.

वर्ष दोन वर्षं असंच चाललं. मग एक दिवस रामाजी मनोहररावांच्या दुकानातून घरी आले ते जवळजवळ नाचतच. भंडाऱ्याचा कुणी जाणकार व्यापारी आला होता. ढिगातला एक पेला उचलून, उन्हात धरून, फिरवून त्याने म्हटलं होतं की असा हात आता भंडाऱ्यातही राहिला नाही. मनोहररावांनी हे त्यांच्या कानात तीनदा ओरडून सांगितलं होतं. 'मी पाह्यला तो पेला,' रामाजी सांगत होते. 'काठ असा, जसा सुतानं आखला. माहा हात गेला नाही वं! मले मधी वाटे, गेला. नाही गेला!'

तो पेला कुणाचा, हे प्रयागबाईला ऐकताक्षणीच कळलं; काठ सुतात आणायला तिला आठवडा लागला होता. तिने त्या दिवशी गोड केलं. रामाजींनी शिरा दोनदा मागून घेतला. ती मात्र जेवली नाही, कारण मधला शब्द तिच्या मनात अडकला होता. मधी वाटे, गेला. म्हणजे आतून त्याला शंका होती, आणि ती तिनेच पुसून टाकली होती.

शंका पुसलेला माणूस काय करील याचा नेम नसतो. माघात विश्वकर्म्याची पूजा येते. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या हातोड्या विसावतात. एकच जुना कारागीर मंडपात, सगळ्यांसमोर एक पेला ठोकतो. त्याची बायको तो चिंचेने घासून, धुऊन, पाण्याने भरून आणते, आणि तो पेला डोक्यावर धरून कारागीर मंडपाला फेरी घालून देवापुढे ठेवतो. वाटेत एक थेंबही पडता कामा नये. फार मागे एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरून पाणी ओघळलं होतं. तो मेला, त्याचा मुलगा मेला, तरी नातवाला गल्ली अजून 'गळक्याचा' म्हणत होती.

'यंदाचा पेला मी ठोकणार,' रामाजींनी ओट्यावरून जाहीर केलं.

'कशाले जी? थंडी हाय, पाठ दुखन,' प्रयागबाई म्हणाली. 'दुसऱ्याले करू द्या.' तिने हात जोडून दाखवले, मान हलवून दाखवली.

'हो, समजलं,' रामाजी खूश होऊन म्हणाले. 'तूही ये. नवी साडी नेस.'

तिने नवी साडी नेसली. आणि कमरेला, पदराखाली, आपण केलेला सगळ्यांत चांगला पेला खोचून ती मंडपात गेली.

वर्षातून तेवढा एकच दिवस गल्ली शांत असे. रामाजींनी चकती घेतली, डाव्या हातात हातोडी तोलली आणि सुरुवात केली. त्यांचा हात अजून देखणा होता; बसणं, खांद्याची लय, मनगटाचा झटका, सगळं जुनंच. थप थप थप. मग पत्रा ओरडला. त्या शांततेत तो इतका स्पष्ट ओरडला की प्रयागबाईने डोळे मिटले. पुढे बसलेले जुने कारागीर कौतुकाने माना डोलवत होते, त्यांना तेवढ्या अंतरावरून काही ऐकू येत नव्हतं. मागे बसलेल्या बायांना आलं. भाते मारण्यात जन्म गेलेल्या त्या बायांपैकी एकेकीने दुसरीकडे पाहिलं, मग प्रयागबाईकडे, मग खाली. रामाजी ठोकत राहिले. शेवटी बुडाजवळ हातोडी जराशी घसरली आणि ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडला. त्यांनी चोरून इकडेतिकडे पाहिलं, खड्ड्यावरून अंगठा फिरवला आणि पेला बायकोच्या हाती दिला.

ती पडद्याआड रांजणापाशी गेली. चिंच लावली, पेला घासला, आणि कमरेचा पेला भरून बाहेर आली.

रामाजींनी तो दोन्ही हातांत घेतला. अंगठा सवयीने बुडाकडे सरकला, थांबला, पुन्हा तिथेच फिरला. खड्डा नव्हता. त्यांनी ओळींकडे पाहिलं. डावीकडे झुकलेल्या, त्यांच्याच. मग बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, आणि तिचा डावा हात पदराशी चाळा करत होता.

त्यांनी पेला डोक्यावर घेतला आणि फेरी घातली. एक थेंब पडला नाही. 'वा रामाजी!' लोक ओरडले. मनोहररावांनी हार घातला. रामाजी समोर बघत चालत होते.

घरी आल्यावर त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि हात पुढे केला.

'दे.'

'काय जी?'

'माहा पेला.'

तिने कमरेचा काढून दिला. त्यांनी तो स्वतः भरला. हे काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं, त्यामुळे काठोकाठ भरेपर्यंत तेवढंच पाणी बाहेर सांडलं. धोतराने त्यांनी तो बाहेरून पुसला, कोरड्या फरशीवर ठेवला, आणि दोघं त्याच्यासमोर बसली. थोड्या वेळाने उचलला. खाली ओलं कडं होतं. त्यांनी त्यात बोट बुडवून पाहिलं.

'कधीपासून?'

ती बोटांवर मोजायला लागली आणि मधेच थांबली. तेवढं त्यांना पुरलं.

'अन् तो? मनोहररावाच्या दुकानातला? भंडाऱ्याच्या माणसानं उचलला तो?'

नुसती 'तो तुमचाच' अशी मान हलवली असती तरी भागलं असतं. इतकी वर्षं ती गप्प राहून खोटं बोलत आली होती, तशीच आणखी एकदा. पण मान हलली नाही. तिने खाली पाहिलं.

रामाजींनी तिचा डावा हात ओढून उताणा केला. तळव्यावरच्या घट्ट्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, पेल्याच्या काठावरून फिरवीत तसा. मग ते बोलले, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

'चांगला होता तो.'

आणि हात सोडला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर उभे राहून त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, 'मी काम सोडलं बापा! डोळ्यानं दगा देल्ला!' गल्लीने हळहळ केली. पुढे रामाजी ओट्यावर बसून अंजनाबाईला सुईत दोरा ओवून देत, चौकातल्या पतंगाचा मांजा कुठल्या रंगाचा ते सांगत, आणि कुणी विचारलं की म्हणत, 'डोळे गेले ना!' लोक मान हलवत. बहिऱ्यांच्या गल्लीतही काही गोष्टी कुणाला मोठ्याने बोलाव्याशा वाटत नाहीत.

पण त्यांनी काम सोडलं म्हटल्यावर त्या घरातून हातोडीचा आवाज येणं शक्य नव्हतं. आला तर तो कुणाचा? आणि तो तिचा, तर मग आधीचा कुणाचा? हे प्रयागबाईच्या ध्यानात आलं तेव्हा मनोहररावांचा पत्रा बंद झाला होता. ती अंजनाबाईबरोबर पापड लाटायला जाऊ लागली. घर शांत झालं. रामाजींना त्यात काही वेगळं नव्हतं. ती शांतता घरात एकट्या तिलाच ऐकू येत होती.

दिवाळीनंतर तिला राहवलं नाही. एक चकती उरली होती. भरदिवसा, त्यांच्यासमोर, दार लावून ती ठोकायला बसली. रामाजी बघत राहिले. ठोके नेमके पडत होते. पत्रा ओरडला तशी ती थांबली आणि सांडशीकडे हात नेला. रामाजींनी तिचं थांबणं पाहिलं. पत्र्याकडे पाहिलं, मग तिच्या कानाकडे पाहत राहिले. मग उठले, टोपी घातली आणि बाहेर उन्हात जाऊन बसले. ती हातोडी, खुंटा, चकती सगळं फळीवर ठेवेपर्यंत ते जेवायला आत आले नाहीत. तिने पुन्हा हातोडी घेतली नाही.

रामाजी काही वर्षांनी गेले. तेराव्याला मनोहरराव आले, बसले, आणि निघताना घुटमळले.

'वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. लोक अजून विचारतेत. रामाजीच्या हातचा एखादा पेला घरात असंल तर...'

'नाही भाऊ. त्यांच्या हातचे सरले.'

'माह्यापाशी एक हाय,' मनोहरराव म्हणाले. 'काचेच्या कपाटात ठेवला. कितीही देल्ले तरी विकत नाही. शेवटचा होता ना त्यांचा, देवापुढचा, पूजेनंतर मीच मागून आणला. येणाऱ्याले दाखवतो, का हा रामाजीचा हात पाहा म्हणून.'

प्रयागबाईने पदराने तोंड पुसलं.

'ठेवा,' ती म्हणाली. 'संभाळून ठेवा जी. त्यांचाच हाय तो.'